चारशे किलोमीटर आणि गच्चीचं कुलूप

तळोज्याची ओळख सांगताना लोक आधी एमआयडीसी सांगतात, मग जेल सांगतात आणि आठवलंच तर २०१७ साली रस्त्यावर निळे होऊन फिरणारे कुत्रे सांगतात. आकाशाचं नाव कुणी काढत नाही. खरं तर फेज टूच्या अर्ध्यामुर्ध्या वसलेल्या सेक्टरांत आकाशाइतकी मुबलक वस्तू दुसरी नाही. पश्चिमेला खारघरचा डोंगर, पूर्वेला लांबवर माथेरानची रांग आणि मधलं सगळं आपलं. त्याचा मेंटेनन्सही भरावा लागत नाही.

या आकाशातून हौशी लोकांचे उपग्रह दिवसरात्र ये-जा करत असतात. हौशी म्हणजे अगदी नाटकमंडळीतले असतात तसे, पोटापाण्याचा धंदा दुसराच असलेले. कॅलिफोर्नियातल्या अशाच हौशी, म्हणजे हॅम, रेडिओवाल्यांनी १९६१ मध्ये साडेचार किलोचा एक डबा बनवला. अमेरिकी रॉकेटमध्ये समतोल राखण्यासाठी एक वजन ठेवायचं होतं, त्या वजनाच्या जागेवर यांनी आपला डबा बसवून घेतला. १२ डिसेंबरला तो वर गेला. ऑस्कर-१ त्याचं नाव. जेमतेम तीन आठवडे तो मोर्समध्ये चार टिंब आणि दोन टिंब, म्हणजे ‘हाय’, एवढंच म्हणत राहिला. आतलं तापमान बदललं की त्याचा बोलण्याचा वेग बदलायचा, त्यामुळे नुसत्या ‘हाय’वरून त्याची तब्येत कळायची. २८ देशांतल्या पाचशेहून जास्त लोकांनी ते ऐकून पत्रं पाठवली. नातेवाइकांच्या फोनवरूनही इतकंच कळतं, पण त्यांना वेळ जास्त लागतो.

हे ऐकायला सामान फारसं लागत नाही. बोलायचं असेल तर सरकारी परीक्षा द्यावी लागते, परवाना मिळतो आणि ‘व्हीयू’ने सुरू होणारं नाव पदरात पडतं. ते पुढचं. ऐकण्यापुरता पेन ड्राइव्हएवढा एक रेडिओ डोंगल, लॅपटॉप आणि अँटेना. अँटेना घरी होते. पीव्हीसीच्या पाइपवर स्टीलच्या मेजर टेपचे तुकडे आडवे बसवायचे, जुबली क्लिपने आवळायचे, मधल्या तुकड्याचा रंग पॉलिश पेपरने खरवडून वायर सोल्डर करायची. मीटरभर लांबीचे तुकडे लागतात, कारण १४५ मेगाहर्ट्झची लहर दोन मीटरची आणि अँटेनाला तिच्या निम्मी लांबी मानवते. दाराच्या चौकटीतून न्यायची झाली तर टेप वाकते आणि बाहेर पडली की टणकन सरळ होते. हार्डवेअरवाल्याने विचारलं, “किती फूट मोजायचंय?” मी म्हटलं, “मोजायचं नाही, कापायचंय.” त्याने टेप परत आत ठेवली आणि स्वस्तातली काढली.

इथपर्यंत सगळं पुस्तकात असतं. पुस्तकात गच्चीचं कुलूप नसतं. आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानक चारशे किलोमीटर वरून जातं, म्हणजे साधारण इथून निपाणी. तिथून त्याचा आवाज काही कटकट न करता आपल्या गच्चीपर्यंत येतो. गच्चीपासून आपल्यापर्यंतचं अंतर मात्र किल्लीवर अवलंबून असतं. किल्ली वॉचमनकडे, वॉचमन सेक्रेटरींच्या शब्दाबाहेर नाही आणि सेक्रेटरींचा शब्द मासिक सभेच्या बाहेर नाही. सभेत विषय निघाला तेव्हा एकांनी विचारलं की याने सोसायटीचं नेटवर्क जाईल का. दुसऱ्यांनी विचारलं की येईल का. आमच्या भागात दुसरा प्रश्न जास्त गंभीर आहे. शेवटी मी अंतराळवीर शुभांशु शुक्लांचं नाव काढलं. २०२५च्या जुलैत अवकाश स्थानकातून ते भारतातल्या विद्यार्थ्यांशी हॅम रेडिओवरूनच बोलले होते. ठराव मंजूर झाला. वॉचमनने आपल्या अधिकारात एक अट वाढवली, “साहेब, फक्त ते जेलच्या बाजूला नका धरू.”

गच्ची मिळाली तरी शांतता मिळत नाही. कानाला शांत वाटते ती जागा रेडिओला बाजारपेठ वाटते. लिफ्टची मोटर, जिन्यातले एलईडी, सीसीटीव्ही, कुणाच्या तरी इन्व्हर्टरचा चार्जर, सगळे आपापल्या परीने किंचाळत असतात. लॅपटॉपच्या पडद्यावर हा गोंगाट निळ्या धबधब्यासारखा वरून खाली वाहतो. खारघरचा पांडवकडा धबधबा पावसाळ्यापुरता, हा बारमाही. त्यातून उपग्रहाची पिवळी रेघ शोधायची. लिफ्ट वर आली की धबधब्याला पूर येतो. म्हणून आमच्या मजल्यावरच्या काकूंना मी विनंती केली की संध्याकाळी स्थानक वरून जातं त्या दहा मिनिटांत जिन्याने याल का. काकू म्हणाल्या, “गुडघे तुझे की माझे?” यावर कुठल्याही विज्ञानाला उत्तर नाही.

स्थानक येतं ते वेळेवर. केप्लरच्या नियमांवर चालणारे दोन ओळींचे आकडे इंटरनेटवर मिळतात. ते सॉफ्टवेअरला दिले की कुठल्या सेकंदाला, कुठल्या दिशेला उगवणार ते कळतं. उशीर होतो तो खारघरच्या डोंगराचा. क्षितिजावर असून दिसत नाही असं पहिलं मिनिट तो खाऊन टाकतो. मग एकदम स्पीकरमधून जुन्या फॅक्सचं असायचं तसं खर्रर्र येतं, सेकंदभरसुद्धा नाही, आणि पडद्यावर अक्षरं उमटतात: आरएस झिरो आयएसएस. मग आणखी कुणा हॅमचं नाव, ज्याचा निरोप स्थानकाने उचलून खाली टाकलेला असतो.

पहिल्या काही दिवसांत मला वाटायचं अँटेना नेमकी धरली की झालं. तसं नसतं. आवाज भरभरून येता येता खोल जातो, आणि तेव्हा अँटेना हलवायची नसते, मनगट पिळायचं असतं. आडवी टेप तिरकी केली की आवाज पुन्हा वर येतो. उपग्रह स्वतः फिरत असतो हे एक कारण. दुसरं असं की वरच्या वातावरणातल्या इलेक्ट्रॉनांच्या थरातून येताना लहरीच्या कंपनाची दिशाच वळते. आयआयटी मुंबईच्या विद्यार्थ्यांनी ‘प्रथम’ उपग्रह याच वळणावर उभा केला होता. २६ सप्टेंबर २०१६ ला पीएसएलव्हीने तो सोडला. वरून दोन लहरी पाठवायच्या, खाली ठिकठिकाणच्या कॉलेजांनी अँटेना लावून त्या किती वळल्या ते मोजायचं आणि त्यावरून इलेक्ट्रॉन मोजायचे, असा बेत. म्हणजे यंत्र अर्धं आकाशात आणि अर्धं गच्चीवर. माझं मनगट त्या प्रयोगात नव्हतं, पण जातकुळी तीच.

त्याच वर्षी २२ जूनला पुण्याच्या सीओईपीचा ‘स्वयम्’ गेला होता. वजन किलोभर, आकार दहा सेंटीमीटरचा ठोकळा. दिशा धरायला ना इंधन, ना फिरती चाकं, नुसतं चुंबक. पृथ्वीच्या चुंबकीय रेषांना धरून तो आपोआप वळायचा. याच्या कितीतरी आधी, ५ मे २००५ ला, इस्रोने हॅम लोकांसाठी हॅमसॅट पाठवला. दोन वर्षांच्या बोलीवर गेलेला तो नऊ वर्षं टिकला. सरकारी वस्तूने एवढं करावं याचं कौतुक जरा मोठ्याने व्हायला हवं होतं.

पण माझा जीव जडलाय तो एओ-७ या हौशी उपग्रहावर. १५ नोव्हेंबर १९७४ ला सुटला. १९८१ मध्ये बॅटरी शॉर्ट झाली आणि तो गप्प झाला. माणसांनी नाव वहीतून काढून टाकलं. २१ वर्षांनी, जून २००२ मध्ये, एकाच्या कानावर त्याचे मोर्सचे टिपके पडले. झालं असं होतं की बिघडलेली बॅटरी आणखी बिघडली, शॉर्ट तुटला आणि सौरपट्ट्यांची वीज थेट यंत्राला मिळू लागली. तेव्हापासून ऊन आहे तोवर जागा, सावलीत गेला की झोप. आमच्या बिल्डिंगच्या कट्ट्यावर बसणारे निवृत्त लोक थंडीत हेच वेळापत्रक पाळतात. त्यांना हे सांगितलं तेव्हा एक आजोबा म्हणाले, “रिपेअरवाल्याला बोलावलं नाही म्हणून वाचला.”

स्थानकावरून कधीकधी चित्रंही पाठवतात, १४५.८०० वर. फोन स्पीकरजवळ धरला की अॅप ते सूर ऐकून चित्राच्या एकेक ओळी वरून खाली रंगवत जातं. एका चित्राला दोन मिनिटं लागतात. गच्चीवर तेव्हा पोरांची गर्दी होती. यानाचा रंगीत बिल्ला उतरत होता, खालची अक्षरं सुरू होणार तोच स्थानक आमच्या पाण्याच्या टाकीमागे गेलं आणि पुढच्या सगळ्या ओळी राखाडी मुंग्यांच्या. एका पोराने टाकीकडे बघून विचारलं, “काका, ही रिकामीच असते ना? मग हलवता नाही येत?”

त्या पोरांच्या हट्टामुळे स्थानकाच्या वेळा आता सोसायटीच्या नोटीस बोर्डावर लागतात, सेकंदांसकट, टँकरच्या वेळापत्रकाच्या बाजूला. सेकंदाला साडेसात किलोमीटरहून जास्त वेगाने जाणारी वस्तू, पेंधर ते बेलापूर दीड सेकंदात करणारी. मेट्रोला याच मार्गावर पहिली गाडी सोडायला २०११ ते २०२३ लागले. सेक्रेटरी परवा बराच वेळ दोन्ही कागद आलटून पालटून बघत होते. मला थांबवून म्हणाले, “अहो, ते दोन ओळींचे आकडे म्हणालात ना, तसे टँकरचे कुठे मिळतात का हो?”