सूचनावीर

गडचिरोली-चंद्रपूरकडे वनहक्काच्या कामात सूचनावीर हमखास भेटतो. नियम बदलला की त्याला दम धरवत नाही. 2012 च्या सप्टेंबरात वनहक्क नियम दुरुस्त झाले. ग्रामसभेचा कोरम दोन-तृतीयांशावरून निम्म्यावर आला, वनहक्क समितीतला आदिवासी सदस्यांचा किमान वाटा एक-तृतीयांशावरून दोन-तृतीयांशावर गेला आणि सामूहिक वनसंसाधनाच्या दाव्याचा नमुना 'क' नव्याने आला. सूचनावीराने फलक तातडीने रंगवला. पत्रकात मात्र कोरम जुनाच राहिला, पुस्तिकेत नमुने 'अ' आणि 'ब'वरच थांबले आणि व्हॉट्सॲपवरच्या फोटोत दोन-तृतीयांश कोरममध्येही हजर, समितीतही हजर. चारही ठिकाणी एकच वाक्य तंतोतंत जुळते: 'सूचना काळजीपूर्वक वाचाव्यात.'

त्याला आळशी म्हणणे हा अन्याय आहे. तो चौपट राबतो. एकच गोष्ट चार ठिकाणी हाताने लिहायची, हाच त्याचा दोष. त्याचे भाऊबंद कमांड लाइनवरही आहेत: प्रोग्रॅमचा पर्याय बदलतात, त्याचा हेल्पचा मजकूर विसरतात. तिथे निदान उपाय निघाला. पायथनचे 'आर्गपार्स' पर्यायांची यादी प्रोग्रॅममधूनच उचलून हेल्प छापते, 'हेल्पटूमॅन' त्या हेल्पमधूनच मॅन्युअलचे पान बनवते. मूळ एक, बाकी सगळ्या त्याच्या नकला.

यावर सूचनावीर म्हणेल, सूचना वाचतो कोण? लोक विचारूनच फॉर्म भरतात. खरे आहे, पण ज्याला विचारतात, तो हातातल्या जुन्या पत्रकाकडे पाहूनच सांगतो. मग ऐन रोवणीत निम्मे गाव जमूनही सभा तहकूब होते. दुसरा आक्षेप अधिक वजनदार: गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाने 2009 मध्येच, नमुना 'क' नसतानाच, सामूहिक वनहक्क मिळवला, मग एवढा काटेकोरपणा कशाला? कारण मेंढ्यात अभ्यासगट होते, कागद मिळून वाचायची सवय होती. जिथे ती नाही, तिथे भिंतीवरचा फलक हाच अभ्यासगट. गोंडी-माडियात समजावताना शब्द वेगळे येतील, यायलाच हवेत. कोरम मात्र भाषेगणिक बदलत नाही.

म्हणून मूळ मजकूर एकाच जागी ठेवावा आणि प्रत्येक प्रतीखाली नियम-दुरुस्तीची तारीख टाकावी. सूचनावीराला हे पटेल. तो लगेच तसा फलक लावेल, पत्रकही काढेल, आणि दोन्हींवरच्या तारखा वेगळ्या असतील.