बत्तीस बोअरचे भाऊ

आमच्या चंद्रपूर जिल्ह्यात माणूस मोठा होतो तो ठरलेल्या क्रमाने. आधी बुलेट येते. मग पांढरी बोलेरो, मग पांढरीच पण आणखी उंच गाडी. मग चौकातल्या फ्लेक्सवर खालच्या कोपऱ्यात शिक्क्याएवढा फोटो, आणि दोन-तीन वाढदिवसांनंतर त्याच फ्लेक्सवर मधोमध, हात जोडलेला. एवढं झालं की माणसाला वाटायला लागतं, आपल्या जिवावर कोणीतरी टपलंय. वास्तविक कोणी टपलेलं नसतं आणि नेमकं तेच मनाला लागतं. अशा वेळी तो पिस्तुलाच्या परवान्याचा अर्ज करतो.

आमचे भाऊ राईस मिलवाले. धान मूल-सिंदेवाहीकडून येतं, तसं गडचिरोलीकडूनही येतं. 1982 साली गडचिरोली जिल्हा वेगळा निघाला, पण ही बातमी धानाला आणि उधारीला कोणी सांगितली नाही. त्यामुळे अर्जातल्या 'कारण' या रकान्यात भाऊंनी लिहिलं की व्यवसायानिमित्त रोख रकमेसह गडचिरोलीच्या दुर्गम भागात फिरावं लागतं. रोख रक्कम भाऊ कोणालाही देत नाहीत हे दोन्ही जिल्ह्यांतल्या शेतकऱ्यांना ठाऊक आहे. पण चौकशीला आलेल्या जमादाराने त्यांना विचारलं नाही.

फाईल ठाण्यातून एसपी ऑफिसला गेली, तिथून कलेक्टर ऑफिसला, आणि तिथे एक भलतीच भानगड निघाली. भाऊंचं घर पडतं अंधारी अभयारण्याच्या हद्दीपासून दहा किलोमीटरच्या आत. 1972 च्या वन्यजीव कायद्याप्रमाणे एवढ्या अंतरात नवा शस्त्र परवाना द्यायचा तर मुख्य वन्यजीव रक्षकांची संमती लागते. फाईल नागपूरला रवाना झाली. म्हणजे भाऊंनी पिस्तूल बाळगावं की नाही, यात वाघाच्या बाजूचंही मत घेतलं गेलं. वाघाची हरकत नव्हती. पुढे जे पाहिलं त्यावरून वाटतं, त्याचा अंदाज बरोबर होता.

परवाना हातात आल्यावर भाऊंना हवं होतं नाइन एमएम. सिनेमात सगळ्यांकडे तेच असतं. पण नाइन एमएम पडतं निषिद्ध बोअरमध्ये, सामान्य नागरिकाला मिळत नाही. मग आलं सरकारी आयुध निर्माणीचं .32 बोअरचं 'अशनी'. गावात बातमी पसरली की भाऊंनी पिस्तूल भद्रावतीहून आणलं. भाऊंनी ती खोडली नाही. भद्रावतीच्या निर्माणीत तोफगोळ्यांसारखा मोठा दारूगोळा तयार होतो, कमरेला लावायच्या वस्तू तिथे होत नाहीत. पण 'आपल्याच जिल्ह्याचं' म्हणवून घेण्यात जो आनंद आहे, तो मोडायला मलाही जीव झाला नाही.

शस्त्र सुरक्षित कसं हाताळावं, कसं ठेवावं याच्या प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र 2016 च्या नियमांनी लागतं. भाऊंकडे ते आहे, लॅमिनेशन केलेलं. कागदावर उतरलेलं ते शिक्षण हातात उतरायचं तेवढं बाकी होतं. त्यासाठी एका रविवारी आम्ही रेंजवर गेलो. 'आम्ही' म्हणजे भाऊ, त्यांचे दोन चेले आणि मी. चेल्यांपैकी एक शूटिंग काढायला होता, दुसरा खर्रा घोटायला.

रेंज गावाबाहेर. पुढे मोकळी जागा, मागे मातीचा उंच बांध. बांधाच्या अलीकडे बांबूच्या चौकटींना कागदी टार्गेटं खिळ्यांनी ठोकलेली. बाजूच्या पत्र्याच्या शेडमध्ये एअर पिस्तूलवाली पोरंपोरी. शिकवायला एक निवृत्त हवालदार, सगळे त्यांना उस्ताद म्हणतात. उस्तादांनी भाऊंना खालपासून वरपर्यंत पाहिलं. लेदरचं नवं करकरीत होल्स्टर, काळा गॉगल, छातीपर्यंत उघडी बटणं, आत चेन.

''बटणं लावा,'' उस्ताद म्हणाले.

''गर्मी होऊन रायली जी.''

''तुमची मर्जी.''

त्यांनी मग पहिल्या चेल्याचा मोबाईल काढून घेतला. ''पिस्तूल हातात घेऊन रील टाकलं तर उद्या माह्याआधी ठाणेदार पाहीन.'' चेला हिरमुसला. ज्या कामासाठी भाऊ आले होते त्यातलं निम्मं तिथेच संपलं.

मॅगझीन भरणं हे सिनेमात कोणी दाखवत नाही. पहिली दोन काडतुसं सुखाने जातात. तिसऱ्यापासून आतली स्प्रिंग उलटी ढकलायला लागते. अंगठ्याने खाली दाबायचं, त्याच वेळी दुसऱ्या हाताने पुढचं काडतूस मॅगझीनच्या ओठांखाली सरकवायचं. भाऊंच्या प्रत्येक बोटात अंगठी, पुष्कराजापासून पोवळ्यापर्यंत. ग्रह एकमेकांवर आपटत होते आणि काडतूस टुणकन उडून मातीत पडत होतं. चौथ्याला अंगठ्याचं नख दुखावलं. ''हे भरून देणारा माणूस नाही भेटत का जी?'' भाऊंनी विचारलं. चोर आल्यावर त्या माणसाला कुठून बोलवायचं, असं उस्तादांना विचारायचं असावं, पण ते गप्प राहिले.

भाऊ उभे राहिले. दहा मीटरवर टार्गेट. हात लांब, दोन्ही हातांची पकड, डावा अंगठा नेमका स्लाइडच्या मागे. उस्तादांनी तो काढून बाजूला लावला. भाऊंनी पुन्हा तिथेच ठेवला. उस्तादांनी पुन्हा काढला. ''स्लाइड मागं येते तवा बेचक्यातली कातडी घेऊन जाते,'' ते म्हणाले. ''श्वास अर्धा सोडा, बाकीचा रोखा. ट्रिगर ओढू नका, दाबत जा. गोळी कवा सुटली ते तुमालेच कळलं नाही पायजे.''

हे शेवटचं भाऊंनी अक्षरशः मनावर घेतलं आणि डोळे मिटले. श्वासही रोखला. मात्र गालात खर्रा होता. सुपारी, तंबाखू, चुना पन्नीत घालून घोटलेला तो ऐवज आमच्याकडे पोरगा मिसरूड फुटण्याआधी तोंडात धरतो आणि मग सहसा सोडत नाही. श्वास रोखायचा, थुंकायचं नाही, गिळायचंही नाही, आणि वर ट्रिगर दाबायचा, अशी चार कामं एकदम करताना बार झाला.

टार्गेट पडलं. आख्खं, चौकटीसकट. ''पडला! पडला!'' दोन्ही चेले नाचायला लागले. भाऊंनी डोळे उघडले आणि पिस्तुलाच्या तोंडावर फुंकर घालायला ते वर उचललं, तेवढ्यात उस्तादांनी मनगट धरलं. चौकटीचा डावा पाय खालून तुटला होता. गोळीला कागद सापडला नाही, बांबू सापडला. गडचिरोलीच्या जंगलात बांबूची कमी नाही म्हणून बरं.

दुसऱ्या गोळीची गोष्ट मी अजूनही जपून सांगतो. पिस्तुलातून रिकामी पुंगळी उजवीकडे, थोडी वर उडते, आणि असते चांगलीच तापलेली. ती शेजारच्या लोखंडी खांबावर आपटून परतली आणि भाऊंच्या उघड्या बटणांतून थेट आत, चेन आणि छातीच्या मध्ये. ''आयोव!'' म्हणून भाऊ जे गर्रकन फिरले, ते पिस्तुलासकट. अर्ध्या क्षणात पिस्तुलाने उस्ताद, चेले, मी आणि रेंजच्या पाटीवरचे सुरक्षिततेचे नियम, सगळ्यांकडे एकेकदा पाहून घेतलं. मी जमिनीवर कधी गेलो ते मला आठवत नाही. खर्रेवाला चेला माझ्या आधीच पोचला होता. उस्ताद मात्र उभे. त्यांनी भाऊंचा हात तसाच धरून बांधाकडे वळवला, पिस्तूल काढून घेतलं, मॅगझीन उतरवलं, आणि शांतपणे म्हणाले, ''बटणं.''

भाऊंनी गळ्यापर्यंत लावली.

आता नेम का लागत नाही, यावर भाऊंची मतं ऐकण्यासारखी होती. पहिलं, पिस्तूलच वाकडं आहे. दुसरं, सरकारी मालात दम नाही. तिसरं, वारा. शेडमधून एक शाळकरी पोरगी पाणी प्यायला आली होती. तिच्या एअर पिस्तुलाला दहा मीटरवर जो दहाचा ठिपका मारायचा असतो, तो 11.5 मिलिमीटरचा, तोही एका हाताने. ती भाऊंचा नेम मघापासून बघत होती. तिने राही सरनोबतचं नाव काढलं, 2018 च्या आशियाई स्पर्धेत 25 मीटर पिस्तुलात सुवर्णपदक मिळवणारी कोल्हापूरची.

''त्यायचं पिस्तूल विदेशी असन,'' भाऊ म्हणाले.

''हो काका. पण त्या डोळे उघडे ठेवते,'' असं म्हणून पोरगी निघून गेली.

मग उस्तादांनी खिशातून एक काडतूस काढलं आणि आमच्याकडे पाठ करून मॅगझीन भरलं. भाऊंनी नेम धरला, या वेळी डोळे उघडे. ट्रिगर दाबला. 'कट्' एवढाच आवाज आला. ते खोटं काडतूस होतं, आत दारूच नाही. बार झाला नाही, धक्का बसला नाही, तरीही पिस्तुलाच्या नळीने वीतभर खाली मुंडी घातली. आम्ही सगळ्यांनी ते पाहिलं, भाऊंनीही. खरा बार होत असतो तेव्हा हे दिसत नाही, कारण धक्का सगळं झाकून टाकतो. हात बाराच्या आधीच घाबरतो, झटका देतो आणि गोळी खाली डावीकडे जाते. पिस्तूल सरळ होतं.

पहिल्यांदाच भाऊ काही बोलले नाहीत.

दिवसअखेर कागदावर एक भोक सापडलं, ते खिळ्याचं निघालं. शेवटी नवा कागद लावून उस्तादांनी स्वतः उरलेल्या गोळ्या झाडून दाखवल्या, सगळ्या मधल्या काळ्यात. तो कागद भाऊंनी मागून घेतला. आता तो मिलच्या ऑफिसात देवाच्या फोटोशेजारी फ्रेम करून लावलाय. उस्तादांचं नाव त्यावर नाही.

एवढं करून ते पिस्तूल वापरायचं कुठे? ताडोबात नेता येत नाही, अभयारण्यात विनापरवानगी शस्त्र नेणं हाच गुन्हा. भाच्याच्या लग्नात वरातीपुढे हवेत बार काढायची फार हौस होती, पण 2019 च्या दुरुस्तीने त्याला दोन वर्षांपर्यंत कैद ठेवलीय. राहिली गडचिरोली, जिच्या नावाने परवाना मिळाला. गडचिरोलीला जायच्या दिवशी मात्र भाऊ पिस्तूल घरी ठेवतात. ''तिकडं जंगलात कोनी हिसकून नेलं तं? अन् नाकाबंदीत शंभर सवाल,'' असं त्यांचं म्हणणं. बरोबरच आहे. ज्या मुलखात लोकांनी घरोघरच्या भरमार बंदुका आणून पोलिसांकडे जमा केल्या, तिथे आपण नवीन घेऊन मिरवणं बरं दिसत नाही.

मिलच्या मागच्या वावरात एक म्हातारा जागलीला असतो. त्याच्याकडे पीक राखायच्या परवान्याची बापजाद्यांची भरमार आहे. दारू ठासायची, चिंधी कोंबायची, मग एक बार हवेत. डुकरं धानातून पळतात. त्याने एकदा भाऊंना विचारलं, ''तुमची कितीक गोळ्या मारते जी?'' भाऊंनी आकडा सांगितला. ''मंग कोन पळालं?'' भाऊंना रेंजवरची मंडळी आठवली असावी. ते बोलले नाहीत. त्याच वावराच्या धुऱ्यावरून मोहाच्या दिवसांत पहाटे बाया टोपल्या घेऊन जंगलात जातात, पाच-सहा जणी मिळून, हातात काठी, मोठमोठ्याने बोलत, म्हणजे वाघाला आधी कळावं. भाऊ त्या वाटेने दुपारी जातात. गाडीतून. काचा वर.

सगळ्यात हाल झाले ते झोपेचे. पिस्तूल चोरीला गेलं तर परवाना जाईल आणि चौकशी मागे लागेल, ती वेगळी. म्हणून भाऊंनी तिजोरी घेतली, तिजोरीच्या खोलीला लोखंडी दार केलं, दारापुढे कॅमेरा लावला आणि कॅमेऱ्यावर भरवसा नाही म्हणून दारापुढे स्वतः झोपायला लागले. मे महिन्यातलं चंद्रपूर म्हणजे आख्खं गाव गच्चीवर. भाऊ खाली, बंद खोलीत, कूलरच्या दमट वाऱ्यात, दर तासाला उठून कुलूप हलवून पाहताहेत. वहिनी वर. वहिनींना परवान्याआधीही कोणाची भीती नव्हती.

त्यातून 2024 ने त्यांना सोडवलं. मार्चच्या मध्यात लोकसभेची आचारसंहिता लागली आणि ठाण्यातून निरोप आला, हत्यार जमा करा. एरवी परवानाधारक कुरकुरतात, ओळखी काढतात. भाऊ पहिल्याच दिवशी हजर. चंद्रपूर आणि गडचिरोली-चिमूरचं मतदान पहिल्याच टप्प्यात, 19 एप्रिलला उरकलं, पण मोजणी 4 जूनला. पिस्तूल आख्खा उन्हाळा पोलिसांच्या पहाऱ्यात राहिलं आणि भाऊ गच्चीवर घोरले. त्यांचं वजन वाढलं. नोव्हेंबरात विधानसभा आली, पुन्हा तेच सुख.

त्यानंतर मात्र भाकड दिवस सुरू झाले. जिल्हा परिषदेच्या निवडणुका नुसत्या लांबत होत्या. परवा काही कामाने मी ठाण्यात गेलो, तर भाऊ तिथे बसलेले, डोळ्यांखाली काळी वर्तुळं, समोर गार झालेला चहा.

''ठाणेदार साहेब,'' ते अगदी हळू आवाजात विचारत होते, ''एखांदी पोटनिवडणूक गिन नाही काजी आपल्याकडं? लहानशी चालन.''