खोडव्याचा संगणक

अकलूजला पैसा सलग येत नाही, हप्त्यांनी येतो. ऊस गेल्यापासून चौदा दिवसांत एफआरपी, म्हणजे उसाची रास्त आणि किफायतशीर किंमत, द्यावी असं कायदा सांगतो, आणि २०२५-२६च्या हंगामासाठी ती १०.२५ टक्के साखर उताऱ्याला क्विंटलमागे ३५५ रुपये ठरलीही आहे. तरी नीराकाठच्या घरांचे मनसुबे पहिली उचल, मागचा हप्ता आणि दिवाळी याच तीन खुंट्यांना टांगलेले असतात. पहिल्या उचलीत सोसायटी फिटते, पुढच्या हप्त्यात स्लॅब पडतो, गिलावा मात्र आणखी एका हंगामाची वाट पाहतो. गच्चीवर वरच्या मजल्यासाठी सोडलेले गज आभाळाकडे तोंड करून गंजत उभे असतात आणि त्यांच्यावर वाळवणाची दोरी बांधून घरची माणसं निवांत असतात. आशेचाही काहीतरी उपयोग करून घ्यावा, ही इथली रीत.

अशा गावात सुट्या भागांनी जोडायचा संगणक रुजला यात नवल नाही. खेळण्याचं तयार यंत्र एकरकमी पैसे मागतं. प्लेस्टेशन ५ आपल्याकडे फेब्रुवारी २०२१ मध्ये आलं ते ४९,९९० रुपयांना, आणि त्याचा निम्मा तुकडा आत्ता, निम्मा गाळप संपल्यावर, असं काही दुकानदाराला सांगता येत नाही. आमचे शेतकरी एकरकमी एफआरपीसाठी आंदोलनं करतात. त्यांच्या पोरांकडून जगानं मात्र एकरकमी वसूल करावं, हा न्याय जरा वाकडाच. माझ्या भाच्यानं त्यावर आपल्यापुरता तोडगा काढला. ‘मामा, पहिल्या उचलीत बोर्ड, प्रोसेसर, रॅम आणि एसएमपीएस. ग्राफिक कार्ड मागनं.’ मी विचारलं, ‘मग तोवर खेळणार कशावर?’ ‘प्रोसेसरात असतंय की थोडं ग्राफिक्स. सावल्या बंद करून खेळायचं.’ हे वाक्य मी बरेच दिवस मनात घोळवत राहिलो. झाडांना सावली नाही, पाण्यात प्रतिबिंब नाही, गवत तर नाहीच. शत्रू तेवढा नीट दिसतो. पहिल्या पगारातला संसार आम्हीही असाच केला होता, सगळे बारकावे पुढे ढकलून.

ही सोय आपोआप झालेली नाही. ऑगस्ट १९८१ मध्ये आयबीएमनं आपला पीसी काढला तेव्हा त्याच्या पोटात पाच खाचा मोकळ्या ठेवल्या आणि आतली मांडणी पुस्तकात छापून विकायलाही ठेवली. लोकांनी आधी त्या खाचांत बसणारी कार्डं केली आणि मग हुबेहूब यंत्रंच केली. १९८७ साली कंपनीनं पीएस/२ मध्ये स्वतःच्या मालकीची वेगळी खाच आणून दार लोटायचा प्रयत्न केला, पण तोवर पाहुणे आत येऊन स्थिरस्थावर झाले होते. पुढे १९९५ मध्ये इंटेलनं एटीएक्सचं माप घालून दिलं: बोर्ड ३०५ बाय २४४ मिलिमीटर, स्क्रूची भोकं ठरलेल्या जागी. तैवानी कंपनीचा बोर्ड मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून घेतलेल्या कॅबिनेटमध्ये अकलूजला ठाकठीक बसतो, तो या मापाच्या पुण्याईवर. एकमेकांना कधीही न भेटलेल्या माणसांनी इतक्या मुकाट्यानं पाळलेला दुसरा करार माझ्या पाहण्यात नाही.

पण भोकं जुळली म्हणजे सगळं जुळतं असं नाही. ‘मामा, नंतर फक्त एक पार्ट बदलायचा,’ या वाक्यातला ‘फक्त’ फार लबाड आहे. २०२२ साली आलेलं आरटीएक्स ४०९० हे कार्ड ३०४ मिलिमीटर लांब. ज्या बोर्डावर बसायचं, त्याच्या जवळजवळ लांबीचं. ते एकटं ४५० वॅट खातं, म्हणून वीज पुरवणारा एसएमपीएस मोठा हवा, आणि लांबीपायी कधी कॅबिनेटही. रॅमची गत वेगळी: डीडीआर४ची पट्टी डीडीआर५च्या जागेत बसत नाही, खाच मुद्दाम सरकवलेली असते. इंटेलचा प्रोसेसर बदलावा तर त्याचं बैठकीचं सॉकेटच २०२०, २०२१ आणि पुन्हा २०२४ मध्ये बदललेलं. एकाला हात लावावा तर चौघं रुसतात.

हे सगळं भाच्याचे वडील, आमचे दाजी, पलंगावर बसून ऐकत होते. ‘म्हंजी खोडवाच की,’ ते म्हणाले, आणि तिढा सुटला. खोडव्याला नवं बेणं लागत नाही, नांगरट लागत नाही. तुटलेल्या उसाच्या बुडख्यातूनच पुढचं पीक फुटतं. खर्च वाचतो, पण एकरी उतारा हळूहळू घसरतो, आणि एक दिवस ऊस मोडून नवी लागण करावीच लागते. ती कधी, यावर बांधाबांधांवर पिढ्यान्‌पिढ्या वाद चालू आहेत. बुडखा दमदार असेल तर मात्र मजा येते. एएमडीचं २०१६ चं एएम४ सॉकेट तसं निघालं: २०१७ च्या अनेक बोर्डांवर, बायोस तेवढं नवं केलं की, २०२२ चा रायझन ७ ५८००एक्स३डी बसतो आणि खेळात नव्या दमाच्या गड्यांना घाम फोडतो. भाच्यानं हे सांगितल्यावर दाजींनी ‘बेणं कुठलं म्हणायचं?’ असं अगदी मनापासून विचारलं.

आरटीएक्स कार्डांच्या नव्या पिढ्या साधारण दोन वर्षांनी येतात: २०१८, २०२०, २०२२, मग २०२५. आडसाली ऊस शेतात सोळा-अठरा महिने उभा असतो. म्हणजे लागणीच्या वेळी मनात भरलेलं कार्ड, बिल हातात पडेपर्यंत बऱ्याचदा मागच्या पिढीचं झालेलं असतं. शहरातल्या पोरांना याचं दुःख व्हावं. आमच्याकडे तोवर त्या कार्डाची खोड सगळ्या जगाला कळलेली असते आणि किंमतही बहुधा उतरलेली असते.

मोठ्या कंपन्यांनाही हा खेळ सोपा गेलेला नाही. रेझरनं जानेवारी २०१४ मध्ये लास वेगासला ‘प्रोजेक्ट ख्रिस्टीन’ दाखवलं होतं. एक खोड, त्याला फांद्यांसारखे लटकलेले भाग; वायर नाही, स्क्रू नाही, ओढा आणि बदला. देखणं झाड होतं, बाजारात मात्र कधी आलं नाही. आणि सुट्या भागांच्या लॅपटॉपमुळे नावारूपाला आलेल्या फ्रेमवर्कनं २०२५ मध्ये डेस्कटॉप काढला, तर त्यातली रॅम बोर्डावर डाग देऊन पक्की केलेली. त्या चिपला लागणारा वेग सुट्या रॅमनं मिळत नव्हता, असं त्यांनी सांगितलं. वेगाला सांधे सोसत नाहीत, हे गुडघ्यांमुळे मला आधीच ठाऊक होतं.

मग खेळण्यासाठी सुट्या भागांचा संगणक व्यवहारी आहे का? खर्चाची वही उघडली तर उत्तर डळमळतं. पण अकलूजच्या हवेत उत्तर थोडं सावरतं. उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो, गाळपात धुराड्याची काजळी उडते, आणि कॅबिनेटचे पंखे ती इमानेइतबारे आत ओढतात. चार स्क्रू काढून झाकण उघडता येणं, ब्रशनं झटकून जळकं तेवढंच बाहेर काढता येणं, ही इथं चैन नाही. शिवाय काढलेलं काही वाया जात नाही. भाच्याची पहिली रॅम आता चुलतबहिणीच्या कॉलेजच्या प्रोजेक्टला जुंपलेली आहे, जुनं कार्ड वेळापूरच्या मावसभावाकडे सावल्या पाडतं आहे. एका पोराच्या हौसेतून नात्यात तीन यंत्रं चालू झाली, हे कुठल्या वहीत लिहायचं?

‘ह्या दिवाळीला प्रोसेसर बदलला की झालं, मग पाच वर्षं बघायचं नाही,’ असं भाचा परवा म्हणाला. दर लागणीला दाजीही असंच म्हणत आले आहेत, म्हणून त्यांनी पोराला टोकलं नाही. निघालेला जुना कुणाला द्यायचा, एवढंच विचारलं.