वजा दोन माकडं

पाचातून तीन काढायला सांगितलं तर कुणीही काढून देईल. तीनातून पाच काढायला सांगितलं, की माणूस आधी सांगणाऱ्याच्या तोंडाकडे बघतो. आणि तीनातून वजा पाच काढा म्हटलं, की सगळा वर्ग खिडकीबाहेर बघू लागतो. उत्तर आठ येतं हे पाठ सगळ्यांना असतं, पटलेलं फार थोड्यांना. काढून टाकलं, मग वाढलं कसं?

ब्रह्मगुप्ताने इ. स. ६२८ मध्ये ‘ब्राह्मस्फुटसिद्धान्ता’त हा हिशेब नियमांत बांधून टाकला. धन आणि धन मिळून धन. ऋण आणि ऋण मिळून ऋण. धन-ऋण एकत्र आले तर दोहोंतला फरक, आणि दोन्ही सारखे असले तर शून्य. शून्यातून ऋण वजा केलं तर धन. वाण्याच्या वहीत आपल्या नावावर पाचशेची उधारी आहे आणि एके दिवशी त्याने ती खोडली, तर हातात दमडी न येताही आपण पाचशेने वर येतोच की. असा वाणी कुठे भेटतो, एवढं मात्र ब्रह्मगुप्ताने सांगितलेलं नाही.

पण नियम कळणं निराळं आणि विश्वास बसणं निराळं. भास्कराचार्यांच्या ‘बीजगणिता’त माकडांचं एक उदाहरण आहे. कळपाच्या पाचव्या हिश्श्यातून तीन वजा केले आणि आलेल्या संख्येचा वर्ग केला. तेवढी माकडं गुहेत गेली, एक फांदीवर दिसतंय. तर कळप केवढा? उत्तरं दोन येतात, पन्नास आणि पाच. पाच धरलं तर पाचवा हिस्सा एक. त्यातून तीन गेले, उरले वजा दोन. त्यांचा वर्ग चार, वर फांदीवरचं एक, झाले पाच. गणित चोख जुळलं. तरीही आचार्यांनी पाचाला रजा दिली, कारण नुसत्या ऋण संख्येवर लोकांचा विश्वास बसत नाही! ऋण संख्यांची बेरीज-वजाबाकी लीलया करणाऱ्या माणसाने इथे लोकांची मर्जी राखली. बरोबरच आहे, एकावर तीनची वजाबाकी झेलणारं माकड कुणी पाहिलंय?

लोक अजून तिथेच आहेत. कर्जावर आपला विश्वास चटकन बसतो, कारण ते मागायला दारात माणूस येतो. ऋण वजा झालं हे सांगायला मात्र कुणी येत नाही. चार दिवस ठणकणारी दाढ थांबते, शेजारच्या फ्लॅटमधलं ड्रिल बंद पडतं, कोर्टातली जुनी तारीख एकदाची संपते. त्याच संध्याकाळी कुणी विचारतं, ‘‘काय विशेष?’’ आपण म्हणतो, ‘‘काही नाही, नेहमीचंच.’’

पगार वाढला की आपण पेढे वाटतो. दाढ थांबली म्हणून पेढे वाटल्याचं ऐकिवात नाही. (दाढेच्या दृष्टीने ते बरंच आहे.) ब्रह्मगुप्ताच्या हिशेबात मात्र या दोन्ही जमेच्याच नोंदी. पहिली मांडायची आणि दुसरी गाळायची, मग वर्षअखेरीला ताळा जुळणार कसा? आणि आपण म्हणत बसायचं, यंदा काही मिळालंच नाही.