सोन्याच्या गावाला लाकडाचा डबा

जळगावात सोनं घेतलं की डबी फुकट मिळते. बाहेर लाल मखमल, आत पांढरं सॅटिन, मिटताना टक्क आवाज. अशा गावात दिलेल्या बहिणीला धुळ्याच्या भावानं हातानं केलेला लाकडी डबा देणं म्हणजे रावेरच्या केळीवाल्याला केळीची सालं भेट देणं.

तरी आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, ताई माहेरी येईपर्यंत डबा करायचाच, असं मी ठरवलं. रंधा, पटाश्या, बारीक दातांची करवत, गुण्या, धारेचा दगड अशी खरेदी पाहून बायको म्हणाली, "पैठणी स्वस्तात पडली असती."

लाकूड मला अंजनाचं हवं होतं. सातपुड्याचं, आपल्या मातीतलं! गल्लीतल्या जुन्या मिस्त्रींनी हात जोडले. "भाऊ, ते पाण्यात टाकलं तर बुडतं. पटाशीची धार तुमच्याआधी थकेल." मग पाडलेल्या वाड्याच्या चौकटीचं सागवान मिळालं. ते रंध्याखाली असं निघतं, की आपल्याला सुतारकाम येतं असं वाटू लागतं. झाकणावर मी केळीचा घड कोरला. शेजारच्या काकूंनी त्याला आशीर्वादाचा हात समजून नमस्कार केला. चपडीचं पॉलिश चढल्यावर तर त्यांनी फूलही वाहिलं.

"झाकणाला थोडी हवा ठेवा," मिस्त्री म्हणाले. लाकूड लांबीत फारसं हलत नाही, पण रुंदीत पावसाळ्यात फुगतं नि उन्हाळ्यात आकसतं. सागवान कमी फुगतं, पण फुगतं. पारा ४५ च्या आसपास असताना घट्ट बसवलेलं झाकण श्रावणात उघडायला पहार लागते.

ताईनं डबा उघडला, आत पाहिलं, उलटा करून पाहिला. "आणि आत?"

"आत काही नाही. डबाच आहे."

"झाकण हलतंय रे."

"श्रावणात बघ."

जळगावला तिच्या सासूबाईंनी, मूळच्या एरंडोलच्या, तोच प्रश्न अहिराणीत विचारला: "येमा काय शे?" सगळा खानदेश एका बाबतीत एक आहे.

श्रावणात मी मुद्दाम फोन केला. झाकण कसं बसतंय? ताईला आठवेना. सोनं फुकटच्या डबीत घालून बँकेच्या लॉकरमध्ये होतं. माझ्या डब्यात सराफाच्या पावत्या होत्या.

भाद्रपदाच्या पौर्णिमेला गुलाबाई बसल्या. कोजागिरीपर्यंत रोज संध्याकाळी गाणी, मग डबा हलवून आतला खाऊ ओळखायचा. स्टीलच्या डब्यात शेंगदाणे लगेच चुगली करतात. भाचीनं पावत्या काढल्या, तळाशी आजीच्या जुन्या लुगड्याचा तुकडा घातला आणि झाकण दाबलं. आता ते हलत नव्हतं. आत शेव आहे की फुटाणे, गल्लीतल्या एकाही पोरीला कळेना.

पुढच्या आठवड्यात तिचा फोन आला. "मामा, मैत्रिणींना पण पाहिजेत. त्यांच्या आया पैसे देतील. फक्त झाकणावर तो हात नको."

"केळी आहेत ती," मी म्हणालो.

"हो का? आजी रोज पाया पडते."