बुणगे आणि डिकी

गाडीची डिकी आतून कशी दिसते, हे दोघेच बघतात: चोर आणि नाक्यावरचा पोलीस. तरीही मामाच्या 1965च्या शेव्हरले इम्पालाच्या डिकीत राखाडीवर पांढरे ठिपके जसे मुळात होते तसेच उमटले पाहिजेत, या हट्टापायी मी गेला हिवाळा करोल बागेत एका रंगाऱ्याच्या दारात काढला. इम्पाला म्हटल्यावर तुमच्या भुवया वर गेल्या असतील. जाऊ द्या, मला आवडतं ते. (मामा केंद्र सरकारात नोकरीला. कुठल्याशा वकिलातीने काढून टाकलेली गाडी त्याने स्टेट ट्रेडिंग कॉर्पोरेशनच्या लिलावात घेतली आणि उरलेलं आयुष्य पेट्रोलच्या भावावर बोलण्यात घालवलं.)

ठिपके हे डेट्रॉइटचं डोकं. डिकीत वेल्डिंगचे सांधे आणि सीलरचे ओघळ तसेच राहून जायचे. सपाट रंगात ते डोळ्यांत भरतात, ठिपक्यांत हरवतात. आपल्या आईबापांनी घरात मोझॅकची फरशी घातली ती याच हिशेबाने. त्या रंगाच्या डब्यात वेगवेगळ्या रंगांचे थेंब एकाच पाण्यात तरंगतात आणि एकमेकांत मिसळत नाहीत. म्हणून डबा घुसळायचा नाही, रंग गाळायचा नाही. गनला हवा कमी दिली तर दाणा मोठा, जास्त दिली तर बारीक. हे सगळं मी रंगाऱ्याला माझ्या हिंदीत समजावलं. त्याने शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि म्हणाला, "साहब, हॅमरटोन मार देते हैं. कूलर पे बहुत चलता है."

माझी इम्पाला कूलरच्या पंगतीला!

आता खरं सांगायचं तर मला फोटो हवा होता. 14 जानेवारी, पानिपतजवळचं काला अंब, स्मारकासमोर इम्पाला, डिकी सताड उघडी आणि शेजारी मी, जमल्यास फेट्यात. त्या दिवशी महाराष्ट्रातून माणसं तिथे येतात. आधी स्तंभाला नमस्कार करतील, मग हळूच माझ्या ठिपक्यांकडे वळतील, असा माझा अंदाज होता.

"डिकीचा आणि पानिपतचा काय संबंध?" बायकोने विचारलं.

संबंध सामानाचा. मार्च 1760 मध्ये भाऊसाहेब परतूडहून निघाले ते लढाईला. पण मागे बाजार, कुटुंबकबिले, बुणगे, आणि फौजेच्या सावलीत उत्तरेची तीर्थं पदरात पाडून घेऊ म्हणणारे यात्रेकरू. पुढे अब्दालीने वाट अडवली, रसद तुटली, तरी खाणारी तोंडं तेवढीच. शेवटी बेत ठरला तो गोलाच्या लढाईचा: कडेने तोफा आणि लढाऊ माणूस, मध्ये बुणगे, आणि असंच सरकत दिल्लीची वाट धरायची. म्हणजे सगळी फौज एका भल्यामोठ्या डिकीभोवती उभी! मला विचाराल तर मराठी माणूस आजही प्रवासाला असाच निघतो. मामी मथुरेला निघाली की इम्पालात रॉकेलचा स्टोव्ह, तांदळाचा डबा, पाट, लोणच्याची बरणी आणि कोपऱ्यांना पत्रा मारलेली लोखंडी ट्रंक चढायची. मामा म्हणायचा, "अगं, परत यायचंय आपल्याला." ती म्हणायची, "म्हणूनच."

काला अंबला आंबा नाही. सांडलेल्या रक्ताने काळवंडलेल्या ज्या झाडाची गोष्ट सांगतात, ते झाड केव्हाच गेलं. आहे तो विटांचा स्तंभ, त्यावर लोखंडी दांडा आणि भोवती कुंपण. आपली माणसं पोचल्या पोचल्या "आंबा कुठाय?" म्हणून विचारतात. पडलेल्या सरदारांची नावं बखरींत तरी सापडतात. बुणग्यांची कोण लिहिणार? कुणाची आजी, कुणाचा हलवाई, गंगेचं पाणी भरायला गडू घेऊन निघालेलं कुणी. आपण त्यांना अजूनही पराभवाच्या कारणांमध्ये मोजतो. मला याचा राग येतो, आणि आत्ताच मीही तेच केलं.

तर, रंगारी. अमेरिकेहून ठिपक्यांचे स्प्रे आणायला चुलतभावाला सांगितलं होतं. पण विमानात रंगाचे स्प्रे चढू देत नाहीत. तेव्हा रंगाऱ्यानेच डोकं चालवलं. आधी राखाडी कोट दिला, मग कॉम्प्रेसरची हवा अगदी उतरवून पांढरा रंग नुसता थुंकवला. दाणा असा पडला की माझं सगळं ज्ञान फुकट गेलं. स्टेपनीमागे तळहाताएवढा जुना रंग शिल्लक होता, त्यावर मामीच्या ट्रंकेचा लांब ओरखडा. "ये भी घिस दूँ?" त्याने विचारलं. मी जरा मोठ्यानेच नाही म्हणालो. तो काही बोलला नाही. त्यावर कागद लावून कडेने टेप मारली आणि बाकीचं रंगवलं.

फोटोचं म्हणाल, तर दिल्ली एनसीआरमध्ये पंधरा वर्षांवरची पेट्रोल गाडी चालवायला बंदी, आणि पानिपत एनसीआरमध्येच येतं. पन्नाशी उलटलेल्या गाडीला 2021च्या नियमांनी व्हिंटेजची सवलत आहे: वीस हजार रुपये भरा आणि व्हीए अक्षरांची पाटी घ्या. मग गाडी प्रदर्शनाला, रॅलीला, दुरुस्तीला किंवा पेट्रोल भरायला रस्त्यावर काढा. चासी, बॉडी आणि इंजिन मूळचंच हवं असा दंडक आहे. ठिपक्यांबद्दल एक अक्षर नाही, आणि भाच्याने मिरवण्याबद्दलही नाही.

त्यामुळे येत्या संक्रांतीला मी काश्मिरी गेटहून हरियाणा रोडवेजच्या बसने जाणार आहे. येणार असाल तर जरूर या. सामान मात्र बेताचं आणा.