नैसर्गिक पिसूनिर्मूलन

धुळ्यात पांझरेच्या उत्तरेला असलेल्या देवपुरात कुत्र्याच्या पिसवा रसायनाविना घालवायच्या असल्यास साहित्य घरापरसातच मिळते. पहिला मान कडुनिंबाचा. त्यातील अझाडिरॅक्टिन हे रसायन नव्हे, कारण ते झाडावर तयार होते. तंबाखूच्या पाण्यातले निकोटीनही याच न्यायाने सात्त्विक. लसणाने कुत्र्याच्या तांबड्या रक्तपेशी फुटतात; मात्र निसर्गतः फुटतात. सीताफळाच्या बियांची पूड डोळ्यांना इजा करते, तीही कोणत्याही कंपनीच्या मदतीविना. कापूर पोटात गेल्यास झटके येऊ शकतात. बाजारातला बराचसा कापूर टर्पेंटाइनपासून कारखान्यात बनतो खरा, पण देवघरातून फिरून आला की तोही नैसर्गिक होतो.

पिसवांपैकी जेमतेम ५ टक्के कुत्र्याच्या अंगावर असतात. बाकी अंडी, अळ्या आणि कोश गोणपाटात नि फरशीच्या फटींत. कोश तर महिनोन्महिने तग धरतो. त्यामुळे शुद्ध निसर्गनिष्ठेने पुढचे पाऊल टाकणे क्रमप्राप्त ठरते. पिसू संपूर्ण नैसर्गिक आहे. तिच्यामार्फत पोटात जाणारा फीतकृमीही तसाच. या घरात कृत्रिम म्हणावा असा एकच जीव उरतो, तो म्हणजे माणसाने पिढ्यान्‌पिढ्या निवडून घडवलेला कुत्रा. निर्मूलन त्याचे झाल्यास पिसवांचा प्रश्न आपोआप मिटतो.

बारीक दातांच्या फणीने रोज विंचरणे, निघालेल्या पिसवा साबणाच्या पाण्यात बुडवणे आणि अंथरूण दर आठवड्याला गरम पाण्यात धुणे, यांत विष नाही. कष्ट आहेत, म्हणून हे उपाय मागे पडले.